संगीत मंत्रालय नव्हे! शिकागोतल्या एका चर्चची गुरुवारची तालीम

पायपेटी

मंडळी, आधी फजिती सांगतो, मग विषयाकडे येतो.

शिकागोच्या साउथ साइडला येऊन मला तीन वर्षं होतील. कामावर शेजारच्या टेबलाशी एक बाई बसतात, साठीच्या पुढच्या. तीस वर्षं त्या आपल्या बॅप्टिस्ट चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, आल्टो (बायकांचा खालचा आवाज) गातायत. चर्चमध्ये सगळे त्यांना 'मदर' म्हणतात, आता मीही म्हणतो. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी अभंग ऐकत होतो, तर म्हणाल्या, "शब्द कळत नाहीत, पण हे देवाला हाक मारणं चाललंय, हो ना?" तिथून मला रविवारचं आमंत्रण आलं.

काळ्या लोकांच्या चर्चमध्ये मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो. दारात पांढरे हातमोजे घातलेले स्वयंसेवक, बाकांवर पुठ्ठ्याचे हातपंखे, त्यावर अंत्यविधी करणाऱ्या दुकानाची जाहिरात. अकराला सुरू झालेली उपासना दीड वाजता संपली आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ गाण्यात गेला. बाहेर पडताना मी भारावून मदरना म्हणालो, "काय शो होता!"

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते आमच्या आजीने पाहिलं असतं, पूजेच्या खोलीत चपला घालून गेलो असतो तर. "शो डाउनटाउनला असतात, बाळा. ही मिनिस्ट्री आहे. गुरुवारी साडेसहाला तळघरात ये, मग समजेल."

तर 'म्युझिक मिनिस्ट्री'. चर्चच्या पत्रकावरही हेच लिहिलेलं असतं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे संगीताचं मंत्रालय का रे?" हसलो, पण मलाही नीट सांगता येईना.

गुरुवारी गेलो. तळघरात घडीच्या लोखंडी खुर्च्या, एक उभा पियानो, भिंतीतून खडखडणारे हीटरचे पाइप. तीसेक माणसं. कुणी नर्सच्या कपड्यांतच आलेली, एक बसड्रायव्हर गणवेशाच्या जाकिटात, दोन कॉलेजच्या मुली. आधी सगळे हात धरून गोल उभे राहिले. कोण आजारी आहे, कुणाची नोकरी गेली, कुणाचा मुलगा तुरुंगात आहे, ही नावं एकेक करून घेतली गेली आणि प्रार्थना झाली. यातच वीस मिनिटं गेली. मला वाटलं, हे आटपून तालीम कधी सुरू करणार? ही तालमीच्या आधीची गोष्ट नसून तालमीचाच भाग आहे, हे दुसऱ्या गुरुवारी कळलं.

मग गाणं. कुणाच्याही हातात कागद नाही. दिग्दर्शक तिशीच्या आतला पोरगा, दिवसा शाळेत संगीत शिकवतो. त्याने सोप्रानोंची (बायकांच्या वरच्या आवाजाची) एक ओळ गाऊन दाखवली, त्यांनी म्हटली. पुन्हा. पुन्हा. मग तीच ओळ आल्टोंच्या सुरात, मग टेनरांच्या, म्हणजे पुरुषांच्या. पुरुषांमधले खर्जातले आवाजही टेनरांतच, कारण इथे सहसा तीनच भाग असतात. युरोपीय पद्धतीच्या क्वायरमधला चौथा, बासचा भाग नसतो, ते काम ऑर्गनच्या पायाने वाजवायच्या पट्ट्या आणि बास गिटार करतात. बायका मोबाइलवर आपापली ओळ रेकॉर्ड करून घेत होत्या, सोमवारी बसमध्ये घोकायला. तीनही ओळी पाठ झाल्यावर त्याने हात उचलला आणि ते सगळे एकदम गायले, तेव्हा तळघराचं छत अर्धा हात वर गेल्यासारखं वाटलं. अतिशयोक्ती नाही. बरं, थोडी आहे.

त्याच्या हातांवरून माझी नजर हलेना. बोट हवेत गोल फिरवलं की शेवटची ओळ पुन्हा, आणि ते बोट फिरतंय तोवर पुन्हा पुन्हा. या घोळवण्याला ते 'व्हॅम्प' म्हणतात. अंगठा वर झाला की पट्टी अर्ध्या स्वराने चढते. तळहात वर ढकलला की गंमतच: टेनर आल्टोंचा स्वर उचलतात, आल्टो सोप्रानोंचा, आणि सोप्रानो टेनरांच्या जागी, पण वरच्या सप्तकात. राग तोच, जिना चढल्यासारखं. आणि मूठ बंद केली की तीस गळे एका क्षणात गप्प.

एका आजींना ओळ जमत नव्हती. त्याने त्यांना थांबवलं नाही. शेजारच्या बाईला खूण केली, ती त्यांच्या कानाशी वाकून गायला लागली. एवढंच.

तुमच्यापैकी कुणी असं काही पाहिलंय का? आणि 'म्युझिक मिनिस्ट्री'ला चांगला मराठी शब्द सुचवा.

खडीसाखर

वाचतेय. लोखंडी खुर्च्यांपासून आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळाची आठवण आली. फरक इतकाच की आमच्याकडे ओळ न जमणाऱ्या आजींना कुणी कानात सांगत नाही, पुढच्या वेळी बोलवतच नाहीत. 😐

वडाची_पारंबी

नगरकडची मराठी ख्रिस्ती आहे, म्हणून शब्दाचं काम माझ्याकडे घेते. आम्ही 'सेवाकार्य' म्हणतो. पाळकांचं सेवाकार्य, रविवारच्या शाळेचं सेवाकार्य, तसं हे संगीताचं सेवाकार्य. नवीन शब्द घडवायची गरज नाही, कित्येक वर्षं वापरात आहे.

आमच्या क्वायरची गोष्ट तुमच्या उलट दिशेने जाते. अमेरिकन मिशनऱ्यांनी आम्हाला त्यांच्या चाली दिल्या, मराठी शब्द त्यात कसेबसे बसवले. मग १८९५ साली रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन सगळं घेऊनच चर्चमध्ये प्रवेश केला. 'उपासना संगीत' हे आमचं गीतपुस्तक उघडलंत तर दोन्ही शेजारी शेजारी दिसतील: एका पानावर परदेशी चाल, पुढच्या पानावर टाळ मागणारी. आजही काही घरांत 'टाळ-तबला म्हणजे देवळातलं' असं पुटपुटणारे एखादे काका असतातच. शिकागोत असे काका होते का?

जुनी_तबकडी

@वडाची_पारंबी, होते तर! भरपूर होते.

१९१० साली शिकागोत काळी वस्ती ४४ हजारांच्या घरात होती, १९३० पर्यंत ती २ लाख ३४ हजारांच्या आसपास गेली. दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवरून, वर्णद्वेषी कायद्यांतून निघून आलेली माणसं. शिकागोतली जुनी, सुस्थित काळी चर्चेस मात्र युरोपीय संगीत गाण्यात प्रतिष्ठा मानायची. अलाबामातून आलेल्या बाईने टाळी वाजवून 'हो प्रभू!' म्हटलं की शेजारची मान वळवून बघायची.

या पार्श्वभूमीवर थॉमस डॉर्सी. जन्म १८९९, जॉर्जिया, बाप धर्मोपदेशक. पण हा 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज, म्हणजे काळ्या लोकांचं लौकिक संगीत, वाजवायचा, गायिका मा रेनीच्या साथीला असायचा. १९२८ साली गिटारवादक टॅम्पा रेडबरोबरची त्याची एक चावट तबकडी तुफान खपली. हाच माणूस नंतर ब्लूजचे स्वर आणि लय घेऊन देवाची गाणी लिहायला लागला आणि चर्च-चर्च हिंडून विकायला लागला. कित्येक पाळकांनी दारातूनच परत पाठवलं. तमाशातला ढोलकीवाला देवळात येऊन 'माझी चाल लावा' म्हणाला, तर विश्वस्त काय म्हणतील तेच.

दार उघडलं ते १९३१ मध्ये, शिकागोच्या एबेनेझर बॅप्टिस्टमध्ये. तिथले पाळक दक्षिणेतून आलेले होते, त्यांना आपल्या माणसांचं गाणं हवं होतं. डॉर्सी आणि गायक थिओडोर फ्रायने तिथे गॉस्पेल कोरस, म्हणजे ही नवी भक्तिगीतं गाणारी क्वायर, उभा केला. पुढच्याच वर्षी पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चने डॉर्सीला बोलावून घेतलं, आणि तिथे तो चाळीसेक वर्षं राहिला.

ते १९३२ साल त्याच्यासाठी भयंकर होतं. ऑगस्टमध्ये तो सेंट लुइसला गायला गेला असताना बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही. त्या दिवसांत त्याने 'हात धर, प्रभू' अशा अर्थाचं गाणं लिहिलं. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगच्या अंत्यविधीत गॉस्पेल गायिका महेलिया जॅक्सनने तेच गायलं, आणि १९७२ मध्ये महेलियाच्या अंत्यविधीत अरिथा फ्रँकलिनने.

पायपेटी, तुम्ही तिथेच आहात तर पिलग्रिमची इमारत बघून या. मुळात १८९०-९१ मध्ये अ‍ॅडलर आणि सलिव्हन या वास्तुविशारदांनी बांधलेलं ज्यू लोकांचं प्रार्थनागृह. २००६ च्या जानेवारीत आग लागली, दगडी भिंती तेवढ्या उरल्या.

मध्यम_षड्ज

एक स्पष्ट विचारतो, राग नसावा. हे सगळं भावनेच्या जोरावर चालतं असं मला वाटत आलंय. मी चार-पाच चित्रफिती पाहिल्या. ओरडणं फार, आवाज फाटतो, एकच ओळ दहा मिनिटं. याला साधना म्हणायचं का? बेसूर ते बेसूर, देवासमोर असलं तरी.

खडीसाखर

एकच ओळ दहा मिनिटं! षड्जराव, तुम्ही विलंबित ऐकत नाही वाटतं? 😄

पायपेटी

@मध्यम_षड्ज, राग कसला. पहिल्या दिवशी मीही मनातल्या मनात सूर तपासत बसलो होतो. दुसऱ्या रविवारी जे पाहिलं ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

एकट्याने गायची ओळ त्या बसड्रायव्हरला दिली होती. आवाज म्हणजे खरखरीत, त्याच्याहून चांगले चार गळे क्वायरमध्ये आहेत. दहा दिवसांपूर्वी त्याची आई गेली होती. गुरुवारी दिग्दर्शकाने त्याला विचारलंही नाही, नुसतं बोट दाखवलं, "तू."

रविवारी दुसऱ्या कडव्यात त्याचा आवाज अडकला. गाणं थांबलं नाही. बाकांवरून बायका म्हणायला लागल्या, "सावकाश, बाळा, सावकाश." मागून आल्टोंनी त्याची ओळ हलकेच उचलून धरली. तो पुन्हा शिरला तेव्हा सूर चांगला अर्धा स्वर उतरलेला होता. मी कान टवकारून बसलो, आता होणार गोंधळ. ऑर्गनवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, एक मधला कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) धरला आणि अख्खी पट्टी अर्धा स्वर खाली घेऊन त्याच्यापाशी गेला. बास गेला, क्वायर गेली. तीस माणसं एका माणसाच्या सुरात येऊन बसली. साधना कशाला म्हणायचं यावर मी वाद घालणार नाही, पण हे न शिकता कुणाला जमत असेल तर मला दाखवा.

आणि आवाज फाटण्याबद्दल: तो फाटू दिलेला असतो. याच मदर लोरी गातात तेव्हा रेशीम असतं.

मध्यम_षड्ज

ते पट्टी बदलल्याचं मान्य. तालमीशिवाय होणार नाही. दहा मिनिटांच्या ओळीबद्दलचं मत राखून ठेवतो.

तारयंत्र

ऑर्गनचा विषय निघालाच आहे तर अवांतर करतो (धंद्याने इलेक्ट्रॉनिक्सवाला).

यांच्याकडे बहुतेक हॅमंड असणार, बी-३ किंवा त्याचा भाऊबंद. लॉरेन्स हॅमंडने १९३५ मध्ये हे यंत्र बाजारात आणलं, ते पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चना स्वस्त पर्याय म्हणून. बी-३ च्या पोटात एका मोटरवर फिरणाऱ्या ९१ दातेरी धातूच्या चकत्या असतात. प्रत्येक चकती चुंबकासमोरून फिरते आणि तिचा स्वर तयार होतो. वर नऊ-नऊ खेचदांड्यांचे संच, कुठला उपस्वर किती मिसळायचा ते ठरवायला. सोबत डॉन लेस्लीचा स्पीकर: आतला कर्णा खरोखर गोल फिरतो. वेग बदलला की तोच स्वर आधी घुमतो आणि मग थरथरायला लागतो. हॅमंडला हा स्पीकर मुळीच आवडला नव्हता, आपल्या ऑर्गनबरोबर तो विकायला त्याचा नकार होता. काळ्या चर्चनी दोन्हींचं लग्न लावलं ते लावलंच.

बी-३ चं उत्पादन सत्तरच्या दशकाच्या मध्यात बंद झालं. जुन्या यंत्रांना चर्चेस जिवापाड जपतात. हलवायला चार धट्टीकट्टी माणसं लागतात.

प्रश्न: प्रवचन चालू असताना ऑर्गनवाला काय करतो?

पायपेटी

@तारयंत्र, बरोब्बर, बी-३ च आहे. एका कोपऱ्याचं लाकूड उडालंय, तिथे चिकटपट्टी.

प्रवचनात तर त्याची खरी परीक्षा! सुरुवातीला तो हात मांडीवर ठेवून नुसता ऐकतो. पास्टरांचा आवाज चढायला लागला, बोलण्याला लय आली की त्यांचा बोलता स्वर कुठला हे शोधून तिथे एक बारीक कॉर्ड लावतो. पुढे प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक तुकडा. वाक्य, तुकडा, वाक्य, तुकडा. शेवटी पास्टर बोलतायत की गातायत, सांगता येत नाही. आमच्या गावच्या सप्ताहात कीर्तनकारबुवांनी वाक्य सोडलं की पेटीवाला असाच भरायचा आणि मागचे टाळकरी उचलून धरायचे. सारखेपणा मला सगळ्यात जास्त इथे दिसला, गाण्यापेक्षाही. गाण्यात तर फरकच मोठा आहे: आपण शंभर जण एकाच सुरात म्हणतो, हे तीन सुरांत.

बारा_गावचं_पाणी

बोलता बोलता गाण्यात जाणं आणि ऐकणाऱ्याने मधूनच हाक देणं यावरून: २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनच्या मोर्चात किंग लिहून आणलेलं भाषण वाचत होता. महेलिया जॅक्सन आधी गाऊन मागेच बसलेली होती. तिने मध्येच 'त्यांना स्वप्नाबद्दल सांग' अशी हाक दिली, असं तिथे जवळ असलेल्या लोकांनी नोंदवलंय. त्यानंतर त्याने कागद बाजूला सारला. रविवारच्या बाकावरून येते तशीच ही हाक होती, फक्त समोर अडीच लाख माणसं होती.

आणि महेलिया आपल्याकडेही येऊन गेली आहे बरं का. १९७१ मध्ये दिल्ली, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई. दिल्लीत इंदिरा गांधींची भेटही झाली. त्याआधी १९५९ मध्ये किंग दांपत्य भारतात आलं तेव्हा कोरेटा किंगने सभांमधून काळ्या लोकांची जुनी गुलामीतली भजनं गायली होती. त्याच्याही आधी १९३६ मध्ये काळे धर्मोपदेशक हॉवर्ड थर्मन आणि त्यांची पत्नी सू बेली थर्मन बारडोलीला गांधीजींना भेटले, तेव्हा गांधीजींनी स्वतःहून त्यांना असंच एक भजन गायची विनंती केली होती.

आपल्याकडे कुणाला हे सगळं लांबचं वाटत असेल तर जोतीरावांची १८७३ ची 'गुलामगिरी' काढा आणि अर्पणपत्रिका वाचा. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलेली आहे. त्याच वर्षी नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाचे जुबिली सिंगर्स, त्यांतले बहुतेक जण स्वतः गुलामीत जन्मलेले, इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियासमोर गात होते, आपल्या कॉलेजच्या इमारतीसाठी पैसे जमवायला.

वडाची_पारंबी

अर्पणपत्रिकेचं माहीत होतं, पण त्याच वर्षी तिकडे ते गात होते हे कधी जोडलंच नव्हतं. 🙏

अटलांटाकर

सगळे फार गहिवरलेत, म्हणून थोडं व्यवहाराचं बोलतो. इथे वीस वर्षं आहे, माझा शेजारी अशाच एका चर्चचा खजिनदार.

सेवा क्वायर करते, फुकट. ऑर्गनवाला आणि ड्रमवाला बहुधा पगारी असतात, आणि चांगला ऑर्गनवाला मिळणं म्हणजे चांगला आचारी मिळण्यासारखं: सकाळी आठला एका चर्चमध्ये, अकराला दुसऱ्या. क्वायरवाले उलट स्वतः वर्गणी भरतात, झग्यांचे पैसे वेगळे. यावरून वर्षाच्या सभेत वाजतंच.

दुसरं म्हणजे मोठ्या क्वायरच कमी होत चालल्यात. पूर्वी पहिल्या रविवारी मोठी क्वायर, दुसऱ्याला तरुणांची, तिसऱ्याला पुरुषांची, असं असायचं. आता बऱ्याच ठिकाणी सहा-आठ जणांची 'प्रेझ टीम', प्रत्येकाच्या हातात माइक. कामाच्या पाळ्या, लांबची घरं, तरुण दुसरीकडे. गुरुवारी संध्याकाळी तीस माणसं जमवणं सोपं राहिलेलं नाही. पायपेटींना तीस दिसली, म्हणजे ते चर्च नशीबवान.

खडीसाखर

प्रत्येकाच्या हातात माइक म्हणजे शेजारणीच्या कानात ओळ सांगायची सोय गेली.

मध्यम_षड्ज

पायपेटी, एक विचारायचं राहिलं. तुम्ही ख्रिस्ती नाही. तरी तुम्हाला गाऊ देतात?

पायपेटी

@मध्यम_षड्ज, योग्य प्रश्न. तिसऱ्या गुरुवारी मी मागच्या खुर्चीवर बसून गुणगुणत होतो, तर दिग्दर्शकाने तिथूनच उठवून टेनरांत उभं केलं. डावीकडे तो बसड्रायव्हर. तीन वेळा नीट गायलो. चौथ्या वेळी दिग्दर्शकाने मूठ बंद केली आणि तीस माणसं थांबली, मी नाही. 'आ' एकटाच तळघरभर फिरून आला. दोन सेकंद शांतता, मग जे हसू फुटलं त्यात पियानोवालाही सामील. बसड्रायव्हर म्हणाला, "आता तू टेनर झालास. प्रत्येकाकडून एकदा होतंच."

रविवारी मात्र वर उभं राहता येत नाही. त्यांचा नियम स्पष्ट आहे: बाप्तिस्मा घेतलेला, चर्चचा सभासद असेल तोच क्वायरच्या जागेवर. मदरनी हे मला अगदी सरळ सांगितलं, आडून नाही, आणि मला ते पटलं. सेवा म्हटलं की ती कुणाची हे आधी ठरलेलं असणारच. गुरुवारचं दार सगळ्यांना उघडं आहे.

@अटलांटाकर, वर्गणीचं अगदी खरं. मदर खजिनदार निघाल्या. "तालमीला येतोस, खुर्ची वापरतोस, पाच डॉलर काढ." काढले. गणपतीच्या वर्गणीची पावती तरी मिळायची, इथे वहीत नाव लिहिलं, तेही चुकीचं.

या रविवारी नवीन गाणं आहे, टेनरांची ओळ अवघड. तिसऱ्या बाकावर बसून हळू आवाजात म्हणणार. मुठीकडे लक्ष ठेवून.